बोट शाकारली, बॅटरीचं काय?

पत्र थोडक्यात असं: रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडच्या एका बंदरावरून एका ताईंनी लिहिलंय. घरची एक मासेमारी बोट आहे. सासरे नाखवा (बोटीचे मालक), नवरा तांडेल (बोट हाकणारा). डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांचे पगार हा सगळा हिशेब ताईंच्या वहीत असतो. इंजिन सेल्फवर चालू होतं. त्यासाठी १२ व्होल्टच्या, १२० अँपिअर-तासांच्या (म्हणजे तेवढा साठा असणाऱ्या), पाणी घालायच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून २४ व्होल्ट केले आहेत. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी लागली की बोट खाडीत आणून वर ओढतात, ताडपत्रीने शाकारतात. पण बॅटऱ्यांचं दुखणं तीन वर्षं सुटलेलं नाही. पहिल्या वर्षी त्या बोटीतच राहिल्या आणि मोसमाच्या तोंडावर मेलेल्या निघाल्या. खलाशी मेन स्विच चालू ठेवून गावी गेला असा ठपका आला आणि त्याच्या पगारातून पाच हजार कापले. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या कंपनीच्या नव्या बॅटऱ्या घेतल्या. "पडून राहण्यापेक्षा वापरात राहतील" म्हणून सासऱ्यांनी पावसाळ्यात त्या घरच्या इन्व्हर्टरला जोडल्या. त्यांतली एक दिवाळीआधीच बसली. नवऱ्याने तेवढी एकच बदलली, तर ती नवीसुद्धा सहा महिन्यांत गेली. आता मेकॅनिक सांगतो, पावसाळ्यात ॲसिड ओतून बॅटरी कोरडी ठेवा. नवरा म्हणतो, महागातली घेऊ. सासरे म्हणतात, हा खर्च धंद्यातच धरायचा. ताई विचारतात, "यातलं कोणाचं ऐकू? मी काही बोलायला गेले तर बाईमाणसाला बॅटरीतलं काय कळतं, असं म्हणतात."

ताई, सस्नेह नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी बरं वाटलं, कारण त्यात तारखा आहेत, आकडे आहेत, कोणत्या वर्षी बॅटऱ्या कुठे होत्या हे आहे. बंदरावर मी पस्तीस वर्षं बोटींचं वायरिंग आणि बॅटऱ्यांची कामं केली. "बॅटरी गेली" असं सांगणारे शेकडो भेटले, ती कधी आणि कशी गेली हे सांगणारे फार थोडे. तुमच्या वहीतच तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. तीन वर्षांत दोन कंपन्यांच्या बॅटऱ्या गेल्या आणि प्रत्येक वेळी गोष्ट पावसाळ्यापासून सुरू झाली. तेव्हा कंपनीचा विषय आपण तूर्त बाजूला ठेवू.

तुमच्या घरात तिघांची तीन मतं आहेत, पण एक समजूत तिघांनाही मान्य दिसते. बोट बंद म्हणजे बॅटरीही बंद, ती दोन महिने आराम करते आणि ऑगस्टमध्ये आपण तिला उठवतो. इथेच चूक होते. जाळं धुऊन, वाळवून माळ्यावर टाकलं तर ते जसंच्या तसं राहतं. बॅटरीचं तसं नाही. तिच्यात शिशाच्या पट्ट्या आणि ॲसिड आहे आणि त्यांचं एकमेकांशी काम तारा काढल्या तरी थांबत नाही. ती आतल्या आत स्वतःच उतरत राहते. उतरताना पट्ट्यांवर शिशाचा एक पांढरा क्षार बसतो. हा क्षार ताजा असेपर्यंत मऊ असतो, चार्जिंगला लावलं की विरघळून परत ॲसिडमध्ये जातो. पण तसाच आठवडेच्या आठवडे राहिला तर त्याचे मोठे, कडक खडे होतात. पावसाळ्यात जाड मिठाच्या बरणीचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. वर्षभर चिमटीने निघणारं मीठ जुलैत चमच्यालाही दाद देत नाही. पट्ट्यांवर तसा थर बसला की ती जागा कायमची गेली. मग चोवीस तास चार्जिंग करा, बॅटरी भरल्यासारखी दाखवेल आणि सेल्फ मारला की मान टाकेल.

एकदा पूर्ण उतरली म्हणून बॅटरी लगेच मरत नाही. उतरलेल्या अवस्थेत ती किती दिवस पडली, यावर तिचं आयुष्य ठरतं.

आपल्या किनाऱ्यावर हे दुखणं जास्त जोरात होतं, त्याला कारण हवा. उष्णता साधारण दहा अंशांनी वाढली की बॅटरीचं आपोआप उतरणं जवळजवळ दुप्पट होतं. मला कॅनडात स्थायिक झालेल्या आपल्या माणसांचीही पत्रं येतात. तिकडे ऑक्टोबरात बोटी पाण्याबाहेर काढतात आणि मे उजाडल्यावर परत सोडतात, म्हणजे आपल्या तिप्पट काळ. तरीही तिकडची पूर्ण भरलेली आणि तारा काढलेली चांगली बॅटरी थंडीत बऱ्यापैकी टिकते, कारण थंडीत आतलं सगळंच मंदावतं. त्यांची भीती वेगळी. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे पन्नासपर्यंतही गोठत नाही, पण उतरलेलीतलं ॲसिड पाण्याजवळ गेलेलं असतं. ते उणे सात-दहालाच गोठतं आणि डबा फोडतं. म्हणून पहिला नियम तिकडे आणि इकडे एकच: ठेवायची ती काठोकाठ भरून ठेवायची. आपल्याकडे मात्र एकदा भरून भागत नाही. जून-जुलैत शेडमध्येसुद्धा २७-२८ अंश असतात, मध्येच पुन्हा भरावी लागते.

आता खलाशाचा विषय काढतो, कारण पत्रात तुम्ही त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत, पण ती तुम्हाला बोचतेय असं मला जाणवलं.

समजा मेन स्विच खरोखरच चालू राहिला. वायरलेस सेट, जीपीएस, पाणी उपसायच्या पंपाचा ऑटो स्विच असं काहीबाही मिळून एक विसावा भाग अँपिअर, म्हणजे ०.०५ अँपिअर, खात राहिलं. दिवसाला झाले १.२ अँपिअर-तास. १ जून ते ३१ जुलै हे बंदीचे ६१ दिवस धरले तर ७३ अँपिअर-तास. १२० मधून ७३ गेले, म्हणजे स्विचने अर्ध्याहून जास्त बॅटरी खाल्ली, हे खरं. पण दुसरी बाजूही मांडू. पाणी घालायच्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीत आपल्या उकाड्यात रोज अर्धा ते एक टक्का आपोआप उतरतो. १२० अँपिअर-तासांच्या बॅटरीत तेवढ्याच ६१ दिवसांत ३६ ते ७३ अँपिअर-तास. म्हणजे तो पोरगा स्विच बंद करून गेला असता तरी ऑगस्टमध्ये तुमच्या हातात बरीचशी उतरलेली, खडे धरू लागलेली बॅटरीच आली असती. शिवाय ३१ मेच्या धावपळीत, गाडी पकडायच्या घाईत असलेल्या पोराला "निघताना बॅटरीच्या तारा सोडून जा" असं कोणी सांगितलं होतं का? सांगितलं असतं तर तुम्ही ते लिहिलं असतं. माझं मत विचाराल तर ते पाच हजार त्याला परत द्या. तो यंदा तुमच्याकडे असेल तर हातात द्या, नसेल तर पाठवून द्या. वहीत ती कापाकापी तुमच्याच अक्षरात असणार, तीच तुम्हाला खटकत असावी.

सासऱ्यांचा विचार चुकीच्या पायावर होता असं मी म्हणणार नाही. वापरात राहिलेली बॅटरी टिकते हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. फक्त वापर कोणता, हा प्रश्न राहिला. इंजिन मारायची बॅटरी आणि इन्व्हर्टरची बॅटरी बाहेरून सारख्या दिसल्या तरी आतून वेगळ्या. इंजिन मारणारीच्या पट्ट्या पातळ आणि पुष्कळ असतात. दोन-चार सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच भरून घ्यायचं, हे तिचं काम. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीच्या पट्ट्या जाड, तासन् तास थोडं थोडं देत पार खालपर्यंत उतरायला बनवलेल्या. पावसाळ्यात तुमच्याकडे वीज जाते ती पाच मिनिटांसाठी जात नाही. रोज रात्रभर पंखे-दिवे चालवून त्या पातळ पट्ट्यांना रोज तळ दाखवला गेला. पट्ट्यांवरचा माल गळून खाली साचला आणि दिवाळीआधी एकीचा निकाल लागला. घराला इन्व्हर्टर हवा असेल तर त्याची स्वतंत्र बॅटरी घ्या. ही अदलाबदल पुन्हा नको.

तुमच्या नवऱ्याने एकच बदलली, त्यात पैसे वाचवायचा हेतू होता. पण दोन बॅटऱ्या एकीला एक जोडल्या की दोघींतून सारखाच करंट जातो. जुनी कमजोर बॅटरी लवकर उतरते आणि चार्जिंगला लवकर भरल्याचं दाखवते. चार्जिंग दोघींचं मिळून २८-२९ व्होल्टवर थांबणार, त्यात जुनीच्या वाट्याला जास्त जातं, नवीच्या वाट्याला कमी. नवी कायम अर्धपोटी राहते आणि अर्धपोटी राहिली की पुन्हा तेच खडे. दोन बैलांच्या जोडीत एक थकलेला असला तर दुसऱ्याच्या मानेला घट्टे पडतात, तसं हे आहे. २४ व्होल्टची जोडी नेहमी एका कंपनीची, एका क्षमतेची, एका महिन्यात बनलेली घ्या आणि बदलताना दोन्ही एकदम बदला. पावसाळ्यात मात्र जोडी सोडवून प्रत्येकीला १२ व्होल्टच्या चार्जरवर वेगवेगळं भरा, म्हणजे मोसमाच्या सुरुवातीला दोघी एका पातळीवर असतील.

मेकॅनिकच्या सल्ल्याबद्दल मी स्पष्ट लिहितो: ॲसिड काढू नका. दुकानात कोरडी, ॲसिड न भरलेली बॅटरी मिळते, त्यावरून हा समज निघाला असावा. पण त्या पट्ट्या कारखान्यात खास वाळवून बंद केलेल्या असतात. एकदा ॲसिड प्यायलेल्या बॅटरीतून ते काढलं की निगेटिव्ह बाजूचं स्पंजासारखं शिसं हवेतल्या ऑक्सिजनने तापतं आणि खराब होतं. ते परत मूळ पदावर येत नाही. वर काढलेलं ॲसिड ठेवणार कुठे? बऱ्याचदा ते खाडीकाठी ओततात. त्यात शिसं असतं आणि त्याच खाडीत आपली कालवं, खेकडे वाढतात.

"फरशीवर ठेवली की जमीन करंट खेचते," असंही तुमच्याकडे कोणीतरी म्हणणारच. पूर्वी बॅटरीचे डबे लाकडाचे आणि कडक रबराचे असत, ते ओल धरत, तेव्हा या म्हणण्यात तथ्य होतं. आजचा प्लास्टिकचा डबा जमिनीवर ठेवल्याने उतरत नाही. तरी फळीवर ठेवा, कारण पावसाळ्यात फरशीला पाझर सुटतो आणि खालून घाण धरते. करंट खरोखर जातो तो वरच्या बाजूने. बॅटरीच्या माथ्यावर खाऱ्या हवेचा चिकट थर, धूळ आणि ॲसिडचे तुषार मिळून एका टर्मिनलपासून दुसऱ्यापर्यंत ओलसर वाट तयार होते. त्या वाटेने रात्रंदिवस थोडं थोडं गळत राहतं. एका वाटीत पाणी आणि खाण्याचा सोडा घ्या, सेलची झाकणं घट्ट आहेत ना ते पाहा आणि कापडाने माथा पुसा. फेस आला तर ते ॲसिड होतं. मग साध्या ओल्या फडक्याने आणि शेवटी कोरड्याने पुसा. सोड्याचा एक थेंबही सेलमध्ये जाता कामा नये.

आता करायचं काय ते सांगतो. बॅटऱ्या बोटीतून काढून घरी आणा. बोट जमिनीवर आहे, म्हणजे पंपासाठी तिथे बॅटरी ठेवायची गरज नाही. इंजिनघरात ताडपत्रीखाली ओल, खारटपणा आणि उंदीर, तिन्ही. काढताना आधी निगेटिव्हची तार सोडायची, मग पॉझिटिव्हची. लावताना उलटं. यामागे कारण आहे: पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना इंजिनला लागला, तर मोठी ठिणगी उडते.

आणल्या आणल्या पाणी पाहा. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या झाकतील एवढंच बॅटरीचं पाणी घाला, पूर्ण भरू नका. चार्जिंगमध्ये पातळी वर येते, म्हणून खुणेपर्यंत भरायचं ते चार्जिंगनंतर. पाणी डिस्टिल्डच हवं. विहिरीचं, पागोळीचं, आरओ मशिनचं चालत नाही. आणि ॲसिड तर कधीच वाढवायचं नाही, कारण उडून जातं ते फक्त पाणी.

"बोट शेवटच्या दिवसापर्यंत चालली, डायनॅमोने बॅटरी भरलेलीच असणार," हा आणखी एक समज. रात्री जाळं ओढताना दिवे चालू असतात, इंजिन मंद असतं. त्यामुळे बहुतेक बोटींच्या बॅटऱ्या मेअखेरीस पाऊण भरलेल्या असतात. घरी चार्जरवर लावा. १२० अँपिअर-तासांच्या बॅटरीला १२ अँपिअरच्या वर नको, सहा-आठ असेल तर अजून चांगलं, रात्र मोडेल एवढंच. १४.४ व्होल्टच्या आसपास जाऊन आपोआप कमी होणारा चार्जर घेतलात तर ताप कमी. तो घ्यायचा नसेल तर बॅटरीच्या दुकानात चार्जिंगला टाका.

भरली की नाही हे दिव्यावरून ओळखू नका. चार्जर काढल्यावर आठ-दहा तास तिला तशीच राहू द्या, नाहीतर वरवरचा करंट फसवा आकडा दाखवतो. मग मल्टिमीटर लावा. १२.५ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.४ च्या खाली गेली तर चार्जिंगची वेळ झाली. १२.० म्हणजे ती जवळजवळ रिकामी आहे आणि प्रत्येक दिवस तिला महाग पडतोय. मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत येतो. त्याच्या जोडीला हायड्रोमीटर घ्या. पिचकारीसारखं हे साधन प्रत्येक सेलचं ॲसिड किती जड आहे ते सांगतं. आपल्याकडच्या बॅटऱ्यांत भरलेल्या सेलचा आकडा १२४०-१२५० च्या घरात येतो, बॅटरीच्या कागदावर काय छापलंय ते एकदा पाहून घ्या. सहा सेलपैकी पाच १२४० आणि एक ११८० असा फरक दिसला तर तो सेल गेला, आणि त्याच्यासह बॅटरीही. अशा बॅटरीवर चार्जिंगचा खर्च करू नका.

पुन्हा कधी भरायची? तारीख लक्षात राहत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते. मी आमच्याकडे पौर्णिमा सांगायचो. किनाऱ्यावरच्या घरात तिथी कोणाला विसरायला होत नाही, उधाणाचा हिशेब तिच्यावरच असतो. मेअखेरीस एकदा पूर्ण भरायची. मग वटपौर्णिमेला बघायची, गुरुपौर्णिमेला बघायची. आकडा १२.४ च्या खाली असला की एक रात्र चार्जिंग. नारळी पौर्णिमेचं चार्जिंग मात्र आठवडाभर आधी, म्हणजे काही बिघडलं असेल तर हातात दिवस राहतात. दोन पौर्णिमांमध्ये साडेएकोणतीस दिवस असतात आणि चांगल्या स्थितीतल्या बॅटरीला एवढं अंतर चालतं. तुमच्या जुन्या दोघींपैकी एखादी अजून वापरात असेल तर तिला अमावास्येलाही बघा.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. कायद्याने बंदी ३१ जुलैला संपते, पण तुमच्याकडे बरेचजण नारळ वाहिल्याशिवाय बोट सोडत नाहीत. श्रावणात किंवा त्याच्या आधी अधिक महिना आला की ती पौर्णिमा ऑगस्टअखेर जाते. २०२३ मध्ये ती ३० ऑगस्टला होती. १ जूनपासून मोजलं तर ९१ दिवस. तुमची पहिली जोडी त्याच पावसाळ्यात गेली, हे पत्रातल्या तारखांवरून दिसतं.

चार्जिंग कुठे करायचं, याकडे मला तुमचं खास लक्ष वेधायचं आहे. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद असतात, म्हणून बंद खोलीत नको, चुलीजवळ नको, आणि देवघरात समई तेवत असते त्या भिंतीला तर नकोच. पडवीत, पाऊस लागणार नाही अशा उघड्या जागी ठेवा. चिमटे लावताना-काढताना चार्जरचं बटण आधी बंद करायचं. तीस वर्षांपूर्वी माझ्या शेजारी काम करणाऱ्या मुलाने चार्जर चालू असताना चिमटा ओढला. ठिणगी उडाली, बॅटरीचं तोंड फुटलं आणि ॲसिड त्याच्या चेहऱ्यावर उडालं. पिंपातलं पाणी आम्ही डोळ्यांवर ओतत राहिलो म्हणून त्याची दृष्टी वाचली. तेव्हापासून भरलेली पाण्याची बादली जवळ असल्याशिवाय मी बॅटरीला हात लावला नाही. डोळ्यात ॲसिड गेलं तर निदान पंधरा मिनिटं साधं पाणी ओतत राहायचं आणि मग दवाखाना. डोळ्यात सोडा वगैरे घालायचा नाही.

हे काम तुम्ही करणार असाल, आणि तुम्हीच करावं असं मला वाटतं, तर हातातल्या धातूच्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा, मंगळसूत्र आत घ्या. वाकल्यावर ते दोन टर्मिनलांना एकदम लागलं तर क्षणात लाल होतं. डोळ्याला साधा चष्मा लावा, जुना कपडा घाला, पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळा.

वीजच नसेल तर? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तुमच्या भागात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलंय. म्हणूनच पहिलं चार्जिंग मे संपायच्या आत उरकायचं. आणि एक छोटं सोलर पॅनेल घ्यायला हरकत नाही. पावसाळ्यात ऊन कुठलं, असं वाटेल, पण आपल्याला इंजिन चालवायचं नाही, फक्त गळती भरून काढायची आहे. २० वॅटच्या पॅनेलला दाट ढगांत पूर्ण उन्हाचे दीड तासच मिळाले असं धरलं तरी दिवसाला दोनेक अँपिअर-तास येतात. बॅटरी स्वतःहून गमावते सव्वा किंवा त्याहून कमी. म्हणजे एका बॅटरीला ते पुरतं. दोघींना आलटून पालटून आठ-आठ दिवस जोडा. मध्ये चार्ज कंट्रोलर मात्र हवाच. तो दिवसा उघडीप आली तर जास्त भरू देत नाही आणि रात्री बॅटरीतला करंट पॅनेलकडे परत जाऊ देत नाही.

ज्यांच्या बोटी पावसाळाभर खाडीत पाण्यावरच नांगरलेल्या असतात, त्यांनी हे वाचून सगळ्या बॅटऱ्या घरी नेऊ नयेत. चोवीस तासांत दोनशे मिलिमीटर पाऊस आपल्याकडे नवा नाही आणि पाणी उपसणारा पंप बंद पडला तर बॅटरी वाचून बोट बुडेल. इंजिनच्या बॅटऱ्या काढा. पंपासाठी एक वेगळी, खोलवर उतरायला बनवलेली बॅटरी ठेवा, तिला ४० वॅटच्या वरचं पॅनेल लावा आणि कोणीतरी दर दोन दिवसांनी होडीने जाऊन डोकावून या. पॅनेलवर विश्वासून घरी बसणं मला पटत नाही.

नवऱ्याच्या सूचनेबद्दल. महागातली, पाणी न घालायची बॅटरी घ्यावी का? तिच्या पट्ट्यांत कॅल्शियमचा मिश्रधातू असतो, त्यामुळे ती कमी उतरते, महिन्याला पाचेक टक्के. पावसाळ्यात पडून राहायला ती नक्की बरी. पण तुमच्या बोटीचा डायनॅमो जास्त व्होल्ट देत असेल तर तिच्यातलं पाणी उडेल आणि तुम्हाला ते परत घालता येणार नाही. म्हणून आधी डायनॅमो तपासून घ्या. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्यांचे मिळून २७.६ ते २८.८ च्या मध्ये आकडा आला तर ठीक. २९.५ च्या पुढे गेला तर आधी रेग्युलेटर (डायनॅमोचे व्होल्ट आवरणारा भाग) बघा, मग बॅटरी. माझ्याकडे निर्णय असता तर यंदा मी साध्याच दोन घेतल्या असत्या, उरलेल्या पैशांत चांगला चार्जर, मल्टिमीटर आणि हायड्रोमीटर घेतला असता. ही तिन्ही साधनं पुढच्या जोडीलाही उपयोगी पडतात. मेलेल्या बॅटऱ्या भंगारवाल्याला वजनावर देऊ नका, नवी घेताना दुकानदाराला परत करा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकलेली आहे, आणि तुम्हाला किमतीत सूटही मिळते.

सासऱ्यांचं म्हणणं, खर्च धंद्यात धरायचा. दरवर्षी पंचवीस हजारांच्या आसपास तुम्ही लिहिलेत. नीट सांभाळली तर अशी जोडी चार वर्षं चालताना मी पाहिली आहे. हे त्यांच्याशी वाद घालून सिद्ध करू नका. पुरुषमाणसं बोट ओढणं, इंजिन उतरवणं, जाळी विणणं यांत गुंतलेली असतात आणि बॅटरी कोणाच्याच वाट्याला आलेली नसते. तेवढं काम मागून घ्या. "बॅटरीतलं मला कळतं" असं म्हणू नका, "पावसाळ्यात बॅटऱ्या माझ्याकडे द्या, ऑगस्टला परत घ्या" एवढंच म्हणा. ज्या वहीत बर्फाचा हिशेब आहे तिच्या मागच्या पानावर तारीख, बॅटरी एक, बॅटरी दोन, व्होल्ट, सहा सेलचे आकडे आणि घातलेलं पाणी लिहा. दर पौर्णिमेला दहा मिनिटांचं काम.

बोट पाण्यात घालायच्या आठ दिवस आधी बॅटऱ्या बसवा. टर्मिनल घासून आवळा आणि आवळल्यानंतर वरून व्हॅसलीन लावा. मग नवऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि तेवढ्या वेळात मल्टिमीटर एकेका बॅटरीवर धरा. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या वर राहिला तर ती बॅटरी मोसमाला तयार. एकीचा १०.४ आणि दुसरीचा ८.९ आला तर मला पानाचा फोटो काढून पाठवा, सहा सेलचे आकडे त्यात असले तर कोणत्या सेलने दगा दिला ते इथूनही सांगता येईल.